राहनाळच्या गोदामात उतरलेलं विमान

रवि. ६ नोव्हें. १९९४

आज पुन्हा पोहे. दिवाळीची उरलेली चकली ताटलीच्या कडेला, तीही मऊ पडलेली. मुलगा काल्हेरचा, राहनाळला कापडाच्या गोदामात सुपरवायझर. वडील नाहीत, घरात आई आणि तो. नाव शशिकांत. यापुढे नुसतं श. लिहीन, लिहायची वेळ आली तर.

बाबांनी त्याला साक्षीदारासारखं तपासलं. कोर्टातली कारकुनी संपली तरी उलटतपासणी सुटत नाही. मग "तुम्ही दोघं बोला जरा" म्हणून आम्हाला गॅलरीत पाठवलं. गल्लीतले कापड विणायचे लूम चालू, त्यामुळे जे काही बोलायचं ते ओरडून.

मी माझा ठरलेला प्रश्न विचारला. फावल्या वेळात काय करता? आजवरची उत्तरं: वाचन, क्रिकेट, एक होता तो समाजसेवा म्हणाला.

श. म्हणाला, "तिकडची विमानं बघतो."

मला वाटलं सांताक्रूझची. तर म्हणे नाही, तिकडची. तिकडे म्हणजे त्याच्या डोक्यात एक मुलूख आहे, शाळेत असल्यापासूनचा. तिथे तीन तऱ्हेची माणसं, आणि तिघांचीही विमानं वेगळी. कातवे बुटके, लांब बोटांचे, कड्यातल्या भोकांत राहतात. त्यांचं विमान उडता उडता स्वतःचे पंख विणतं. पुढून विणत जायचं, मागून उसवत जायचं, सूत तेच. मेणगे मेणाची विमानं करतात आणि ऊन चढायच्या आत उतरतात. ढोलके म्हणजे मोठ्या पोटाचे. कातडी पिशव्या फुगवून सगळे एका सुरात गुणगुणतात, त्या थरथरीने पिशवी वर जाते. एकाला शिंक आली की सगळे गडगडतात.

हे सगळं लूमच्या वरचढ आवाजात. खालचा पानवाला मान वर करून बघत होता.

मी म्हटलं, "तिथला आमदार कोण?"

तो विचार करून म्हणाला, "आमदार नाहीत."

आई विचारत होती काय बोललात एवढं. म्हटलं, हवापाण्याचं.

सोम. ७

त्यांच्याकडून पसंती आली. आईच्या मते मुलगा शांत आहे. शांत! बाबांच्या मते नोकरी साधीच, पण काल्हेरला नव्या बिल्डिंगमध्ये स्वतःची जागा आहे आणि व्यसन नाही. चौकशी करून येतो म्हणाले, मग बघू.

वेडा आहे का, हे चौकशीत कळत असेल का? वेडा वाटला नाही. वेडी माणसं समोरच्याला पटवायला बघतात. हा नुसता सांगत होता, जसं कुणी गावाकडच्या भातशेतीचं सांगावं.

मला काय वाटलं ते मलाच सांगता येत नाही. हसू आलं होतं. पण हसले नाही. का नाही?

गुरु. १०

आठवी ब ला तरफ शिकवत होते. फळ्यावर आकृती काढताना एकदम लक्षात आलं की कातव्यांचं विमान उडूच शकत नाही. सगळे विणकर पुढे बसलेले, मागे नुसती उसवलेली सुतं. नाक खाली जाऊन आपटणार.

खडू हातात घेऊन तशीच उभी राहिले. पोरी खिदळायला लागल्या.

मला राग आलाय. एक तर मी नाही म्हणून मोकळं व्हायला हवं होतं. ते राहिलं बाजूला आणि मी त्या लांब बोटवाल्यांच्या काळजीत.

शुक्र. १८

शुक्रवार, लूम बंद. कान एवढे मोकळे की बावचळायला होतं. संध्याकाळी तळ्याकाठी पुन्हा भेट. आईच्या अटीवर, म्हणजे आई पलीकडच्या बाकावर भाजी निवडल्यासारखी आमच्याकडे बघत बसली.

ठरवून गेले होते की पगार, घर, शाळेची नोकरी चालू ठेवीन, हे सगळं नीट बोलायचं. तोंडातून निघालं, "शेपटीला वजन पाहिजे. नाहीतर नाक आपटेल."

श. खिसे चाचपायला लागला. मला वाटलं दुखावला, आता निघणार. मग खिशातून खडूचा तुकडा काढला. गोदामात लागतो म्हणे. ट्रक यायच्या आधी जमिनीवर खडूने आखून ठेवायचं की कुठल्या मालाची थप्पी कुठे लागेल. हमाल त्या रेघा बघून गाठी रचतात. तर त्या खडूने दगडी पायरीवर विमान काढलं, शेपटीशी बोट टेकवलं आणि म्हणाला, "हो की. इतकी वर्षं कशावर उडत होतं मग?"

घाबरल्यासारखा दिसला. त्यात बसलेल्यांसाठी घाबरला होता.

विचारलं, हे आणखी कुणाला माहीत आहे? कुणालाच नाही म्हणाला. आईलाही नाही.

"मग मला का सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत."

एवढंच. मला रडू येईलसं वाटलं. का ते कळलं नाही, म्हणून उठून आईकडे गेले आणि डास फार आहेत म्हणाले.

मंगळ. २९

शाळेत फोन. शिपाई वर्गाच्या दारात ओरडला, "बाई, राहनाळवरून अर्जंट." धावत गेले, हेडबाईंच्या टेबलावरचा फोन. हेडबाई समोर, दोन शिक्षिका वह्या तपासायचं नाटक करत बसलेल्या.

श.: शेपटीला किती वजन? म्हणजे पंखाच्या मानाने?

मी: ते मापं बघून ठरवावं लागेल.

श.: लहान काढून अंदाज येत नाही. जागा रिकामी झाली की पूर्ण मापाचं काढून बघतो.

मी: बघा. काळजी घ्या.

श.: आणि एक. कातव्यांतलं कुणी शेपटीत बसायला तयार नाही. तिथून पुढचं काही दिसत नाही ना.

मी: पाळी लावा.

फोन ठेवला. हेडबाईंनी विचारलं कोण आजारी आहे. मी म्हटलं, लांबचे नातेवाईक, बरेच जण. खोटं बोलायची मला सवय नाही आणि तरी किती पटकन जमलं.

आता खरं लिहू का. दिवसभर त्या फोनने मी खूश होते.

शनि. १० डिसें.

आज बाबांची चौकशी. न सांगता जायचं, ही त्यांची पद्धत. कोट घालून गेले, भाड्याने गोदाम बघणाऱ्या पार्टीसारखे. परत आले ते रिक्षातून उतरतानाच, "नाही. विषय संपला."

पाणी प्यायले, मग सांगितलं. गोदामात शिरले तर आत मधोमध कापडाच्या गाठी अशा रचलेल्या की येणं-जाणं बंद. सरळ थप्पी नाही. मध्ये एक लांब रांग, दोन्ही बाजूंना फाकलेल्या तिरप्या रांगा, टोकाला डोंगर. बाहेर ट्रक खोळंबलेले, ड्रायव्हर शिव्या देतायत. शेठ नेमका एका मोठ्या व्यापाऱ्याला माल दाखवायला घेऊन आलेला. तो कपाळाला हात लावून, "ये क्या चिड़िया बनाया है मेरे गोदाम में? किसने बोला?"

आणि मुकादम म्हणाला, सुपरवायझर सायबांनी आखून दिलं व्हतं.

श. जकात नाक्यावर कागद सोडवायला गेला होता. परत आला, दारात उभा राहिला, आणि बाबा मला म्हणतात, "गाढव हसत होता. शेठ तोंडावर ओरडतोय आणि हा त्या गाठींकडे बघून हसतोय. वसू, मी कोर्टात खूप वेडे बघितलेत."

आई देवासमोर जाऊन बसली. मी म्हटलं, "शेपटीकडे किती उंच रचलं होतं?"

बाबांनी विचारलं, कसली शेपटी? त्यांना कसं सांगू की ते विमान माझ्यामुळे तिथे उतरलं. मी चूक काढली म्हणून त्याने पूर्ण मापाचं काढलं. जेवणाच्या सुट्टीत काढलं असणार, पुसायच्या आत ट्रक आला असणार. हमालांनी रेघा बघितल्या आणि रोजच्यासारखं काम केलं. कुणाची चूक?

सोम. १२

अर्धी रजा टाकली. घरी सांगितलं पेपर तपासायचेत. राहनाळला गेले. शंभरदा वाटलं परत फिरावं, तीन मुलींच्या आया तरी ओळखीच्या भेटल्या असतील रस्त्यात.

श. नव्हता, शेठने ठाण्याला पाठवलेला. मुकादम भेटला, दिघाशी गावचा म्हातारा, डोक्याला फडकं. मी कोण ते त्याने विचारलं नाही. विचारायची गरजच नसावी, गालात हसला.

"गाठी हलवल्या बाय त्याच दिशी. शेठनं चार तास राबवलं आमाला. पन इकडं बग, रेगा हायत अजून."

होत्या. पायांनी फिसकटलेल्या, तरी होत्या. भिंतीपासून भिंतीपर्यंत. मी शेपटीपासून नाकापर्यंत चालत गेले. एवढं मोठं असेल असं मला वाटलंच नव्हतं. पायरीवर काढलेलं टीचभर होतं. तिथे शेपटीजवळ चाराचा आकडा होता, पंखांवर एकाचा, आणि मुकादमाने ते वजनाचे आकडे थप्पीची उंची म्हणून धरलेले.

"तुम्हाला विचित्र नाही वाटलं रचताना?"

"वाटलं की. पोरं बोल्ली, ह्ये काय तिरपं तिरपं? मी बोल्लो, सायेब येडंवाकडं कदी आखत न्हाय. काय तरी हिशोब असल. मंग रचलं. चांगलं रचलं बाय, रेगंच्या भायेर एक गाठ न्हाय गेली."

अभिमानाने सांगत होता. नंतर आवाज उतरवून म्हणाला, "सायबाचा पगार कापलाय. आन आता खडू माज्याकडं दिलाय शेठनं. मला कुटं आखता येतंय?"

परत येताना रिक्षात मी ठरवलं, बाबा काहीही म्हणोत, मी हो म्हणणार. पहिल्यांदाच इतकं स्वच्छ वाटलं. हे लिहून ठेवते, कारण माझा माझ्यावर भरवसा नाही.

रवि. १८

झालं. जे लिहिलं ते चार दिवसही... जाऊ दे. सरळ लिहिते.

मी बाबांना काही सांगायच्या आत श. स्वतःच घरी आला. एकटा. इस्त्रीचा शर्ट. बाबांसमोर खुर्चीच्या कडेला बसला आणि सगळं कबूल केलं. रेघा माझ्या होत्या, डोक्यात खूळ होतं, लहानपणीचं. त्यातून बाहेर पडलोय. शेठना शब्द दिलाय, आईला दिलाय, तुम्हालाही देतो. पुन्हा होणार नाही.

खूळ म्हणाला. मी दाराआड उभी होते.

बाबा विरघळले. त्यांना कबुलीजबाब आवडतात. "चूक सगळ्यांची होते, कबूल करणारे थोडे," म्हणाले, चहा सांगितला. तो गेल्यावर म्हणतात, "मुलगा सरळ आहे, वसू. मी उतावळेपणा केला." आईने लगेच कॅलेंडर काढलं. दोन तारखेपासून पौष. पौषात बोलणी नकोत, त्याच्या आत होकार गेला पाहिजे, म्हणजे माघात साखरपुडा.

आधी घरच्यांचा होकार होता तेव्हा मला ठरवता येत नव्हतं. त्यांचा नकार आला आणि माझा होकार झाला. आता त्यांचा पुन्हा होकार, आणि मी? ज्याला मी हो म्हणणार होते तो माणूस आजच तिकडचा राजीनामा देऊन गेला. जो बसला होता तो चांगलाच आहे. नीट बोलतो, चहाची कपबशी आत आणून ठेवतो. असे बरेच आले होते.

बुध. २१

शाळेत फोन येतो का बघत राहिले. नाही.

मनात येतं की मी मूर्ख आहे. डोक्यातल्या मुलखाशी कुणी लग्न करतं का? गॅस, रेशन, सासूबाईंचे गुडघे, हे सगळं खरं. ढोलके सोमवारी पाणी भरणार नाहीत.

पण मग हे असं का होतंय मला. कुणी गेल्यासारखं.

दुसरी शंका, आणि ती जास्त बोचते. माझ्यासाठी सोडलं असेल तर? मी नाही म्हटलं तर त्याचं दोन्हीकडून गेलं. हो म्हटलं तर जन्मभर मला ते ओझं. कुणी सांगितलं होतं सोडायला? मी शेपटी नीट करा म्हटलं होतं, विमान जाळा म्हटलं नव्हतं.

मंगळ. २७

आई: अगं, आणखी कोण येणार आहे आता?

हे ती वाईट मनाने म्हणत नाही. खरं तेच म्हणते. तरी मी ताट सरकवून उठले.

श. ला निरोप धाडला आहे, एक तारखेला आईला घेऊन या, होकाराआधी मला बोलायचं आहे. बाबा म्हणाले अजून काय बोलायचं राहिलं. मी म्हटलं, गॅसचं.

रवि. १ जाने. १९९५

दुपार. ते आत्ताच गेले. जसं झालं तसं लिहायचा प्रयत्न करते, नाहीतर उद्यापर्यंत मी ते बदलून टाकीन.

गॅलरीत आम्ही दोघं. आत दोन्ही आया, बाबा, पेढे. आधी तोच बोलला. काल्हेरच्या जागेला पाण्याची वेळ सकाळची, तुम्हाला शाळेला निघायला गैरसोय होईल, पण मी भरीन. मी ऐकून घेतलं. मग विचारलं, "कातवे कसे आहेत?"

त्याने रस्त्याकडे बघितलं. "सोडलं ते."

"माझ्यासाठी?"

"नाही." लगेच म्हणाला, विचारही न करता. "नोकरीसाठी. तुम्ही आधीच नाही म्हणाला असतात तरी सोडलं असतं. तुमच्यावर कशाला टाकू?"

इतके दिवस मी ओझं वाहत होते ते माझं नव्हतंच. हलकं वाटायला हवं होतं. वाईट वाटलं. स्वतःची लाजही वाटली.

मग तो म्हणाला, आणि हे त्याने अगदी हळू सांगितलं, लूम चालू असताना, त्याच्या ओठांवरून मी समजून घेतलं. "आधी मुद्दाम बघायचं नाही असं ठरवलं. आता बघायला गेलो तरी दिसत नाही. कडा दिसतो. भोकं रिकामी आहेत."

खोटं नव्हतं. तोंड उतरलेलं होतं. मी त्याच्याआधी कुणाचं असं तोंड बघितलं असेल तर ते घरात माणूस गेल्यावरच.

मला काय झालं कोण जाणे. म्हटलं, "मग पुढचं मी बघते. रिकामी कशी असतील? कातवे खाली उतरलेत, सूत आणायला. मेणग्यांकडे. भर दुपारी निघाले असतील सगळे मिळून, मेणग्यांच्याच विमानातून..."

"मेणग्यांची विमानं दुपारी कशी उडतील?"

"मी म्हणते म्हणून उडतील."

"तुम्ही कसं ठरवाल?" केवढ्यांदा ओरडला. कपाळावरची शीर दिसत होती. "तुम्हाला काय माहीत आहे तिथलं? काहीही माहीत नसताना बोलू नका!"

पानवाल्याने वर बघितलं. श. स्वतःच दचकला, माफ करा म्हणाला, रुमाल काढला.

आणि मला आनंद झाला. झाला, खोटं कशाला लिहू. तो आवाज रिकाम्या कड्याचा नव्हता. तिकडे कुणीतरी आहे अजून, आणि त्यांच्यासाठी तो माझ्यावरसुद्धा चालून आला.

पण त्याच क्षणी भीतीही वाटली. "तुम्हाला काय माहीत आहे, बोलू नका." हे मी ओळखते. हे आमच्या गल्लीत प्रत्येक दारातून ऐकू येतं, भाजीवरून, पैशावरून. बाबाही आईला असंच म्हणतात. आज मेणग्यांवरून होतं. तो आवाज त्या मुलखाचा होता की नुसता नवऱ्याचा, हे मला कसं कळावं? त्यालाही कळत असेल का?

आई दारात आली. हातात पेढ्यांची ताटली, डोळ्यांत पाणी आणायच्या तयारीत. "काय ठरलं?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. रस्त्याच्या वर, वायरींच्या वर कुठेतरी बघत होता, डोळे बारीक करून, उन्हात काही शोधल्यासारखा.

मी "बरं" म्हणाले. कशाला म्हणाले ते मलाही नीट माहीत नव्हतं. आईने आत जाऊन "हो म्हणाली" असं सांगितलं. टाळ्या वाजल्या. त्याच्या आईने मला जवळ घेतलं, मायेने घेतलं. मी कुणालाच थांबवलं नाही.

उद्यापासून पौष. महिनाभर कुणी काही बोलणार नाही, कुणी काही विचारणार नाही. तेवढ्यात एकदा राहनाळला फोन करीन म्हणते. काय विचारायचं ते अजून ठरत नाही.